सवलत की सोय?

७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांचं एक छोटंसं टिपण छापून आलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावातला १४ वर्षांचा पर्सी हा त्याचा विषय. मुलगा हुशार, खेळात तरबेज, नजर उत्तम. ७४९ गुणिले ८६७ त्यानं चटकन आणि बिनचूक करून दाखवलं. पण छापलेला शब्द समोर आला की सगळं अडायचं. स्वतःचं नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल झाली आणि ती त्याच्या लक्षात आली नाही. मॉर्गन यांनी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द तेव्हा होता. जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी तो १८८७ मध्ये वापरला होता, पण आजारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसाठी.

त्या टिपणातली एक गोष्ट मात्र मला निदानापेक्षा मोलाची वाटते. पर्सीच्या शिक्षकांचं मत होतं की, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. म्हणजे दुखणं आणि त्यावरची वाट, दोन्ही एकाच पानावर होती. शाळांना ती वाट दिसायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. १९६३ मध्ये शिकागोत पालकांच्या परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसेबिलिटी’ ही संज्ञा मांडली, आणि १९७५ च्या अमेरिकी कायद्यानं अशा मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारी शाळांवर टाकली.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. तरीही पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनानं दहावीच्या परीक्षेत या मुलांसाठी तरतुदी केल्या. अर्धा तास जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित, आणि दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली तीही त्याच वर्षी. केंद्रीय कायद्यात या मुलांचं नाव यायला मात्र २०१६ उजाडलं. त्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले.

या तरतुदींना मराठीत सर्रास ‘सवलत’ म्हणतात. भाषांतर करणारीला हा शब्द खटकतो. सवलत रेल्वेच्या तिकिटावर मिळते, दिवाळीत कापडावर मिळते. मूळ किंमत कायम ठेवून कुणीतरी मेहेरबानीनं थोडी सूट दिली, असा तिचा अर्थ. मग वर्गातली इतर मुलं, कधी शिक्षकही, ‘त्याला काय, लेखनिक मिळतो’ म्हणतात. ‘सोय’ हा शब्द जास्त नेमका आहे. जिना चढता येत नाही त्याच्यासाठी उतरण बांधली, तर कुणी त्याला मजला माफ केला म्हणत नाही.

लेखनिकाची तर आपल्याला परंपराच आहे. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं, ही कथा आपण कौतुकानं सांगतो. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली असं आपण मानतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि मावसभावानं टिपून ठेवल्या. ती कविता सवलतीची आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

मला खरी बोच आहे ती दुसऱ्या भाषेच्या सुटीची. इंग्रजी माध्यमाच्या मुलासाठी सुटणारी भाषा पुष्कळदा मराठी असते. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं अशीच मराठी सोडली. दहावी सुटला, पुढे उत्तम शिकला. आजीशी तो अस्सल मालवणीत भांडतो, तिचे वाक्प्रचार तिच्यावरच उलटवतो. पण कागदावर तो त्या भाषेत निरक्षर राहिला. त्याच्या आईचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी तिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. प्रश्न इतकाच की त्याची अडचण लिपीशी होती, मग आपण भाषा का काढून घेतली?

याचं एक कारण मोजपट्टीत आहे. डिस्लेक्सियाचा बराचसा अभ्यास इंग्रजीवर उभा आहे, जिथे उच्चार एक आणि स्पेलिंग भलतंच. देवनागरीची कोडी वेगळी: ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, रफार, आणि व्यंजनाच्या आधी लिहिली जाऊन नंतर उच्चारली जाणारी पहिली वेलांटी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली ती २०१५ च्या सुमारास. तोवर मराठी माध्यमातल्या मुलाची अडचण त्याच्याच भाषेत तपासण्याची साधनं फार तोकडी होती. ‘ढ’ हा शिक्का तेवढा सहज उपलब्ध होता.

तोंडी परीक्षा आपल्याला नवी नाही. मराठीचा पेपर बोलून देता आला असता, तर त्या मुलाला कदाचित वर्गात सर्वाधिक गुण मिळाले असते. पर्सीचे शिक्षक १८९६ मध्ये नेमकं हेच सांगत होते.