जगातील सात आश्चर्ये कुणी नेली?

१/ प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी आज एकच उभे आहे: गिझाचा महापिरॅमिड. उरलेली सहा काळाच्या ओघात नष्ट झाली, असे आपण शाळेत वाचतो. परंतु काळ दगड उचलून नेत नाही. दगड माणसे नेतात. ती माणसे कोण होती, त्यांनी तो माल कुठे वापरला आणि एक वास्तू त्यांच्या हातून कशी वाचली, हे या धाग्यात पाहू. #मराठी #इतिहास #धागा

२/ प्रथम यादीविषयी. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर नाईलपासून बॅबिलोनपर्यंतचा मुलूख ग्रीक प्रवाशांना खुला झाला आणि पाहण्याजोग्या वास्तूंच्या याद्या होऊ लागल्या. त्यासाठी ग्रीकांचा एक जुना शब्द होता ‘थेआमाता’, म्हणजे प्रेक्षणीय गोष्टी. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील कवी अँटिपॅटर याच्या यादीत अलेक्झांड्रियाचे दीपगृह नाही, त्याच्या जागी बॅबिलोनची तटबंदी आहे. आजची यादी रूढ झाली ती युरोपातील प्रबोधनकाळात.

३/ या यादीत गिझाचा पिरॅमिड, बॅबिलोनच्या झुलत्या बागा, एफेससचे आर्टेमिस मंदिर, ऑलिंपियाची झ्यूसमूर्ती, हॅलिकार्नाससची समाधी, ऱ्होड्सचा कोलोसस आणि अलेक्झांड्रियाचे दीपगृह येते. बागांचा निर्विवाद पुरावा अद्याप सापडलेला नाही. त्या होत्या असे मानले, तरी ही सातही आश्चर्ये एकाच वेळी उभी होती ती इ.स.पू. सुमारे २८० ते २२६ या अर्ध्या शतकापुरतीच.

४/ सर्वांत अल्पायुषी ठरला कोलोसस. इ.स.पू. ३०५-३०४ मध्ये डिमिट्रियसने ऱ्होड्सला वेढा घातला, तो फसला आणि तो आपली अवाढव्य युद्धयंत्रे मागे टाकून निघून गेला. ऱ्होड्सवासीयांनी ती विकून आलेल्या पैशांतून सूर्यदेव हेलिऑसचा सुमारे ३३ मीटर उंच कांस्यपुतळा उभारला. शिल्पकार होता लिंडोसचा कारेस. त्याला १२ वर्षे लागली.

५/ इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंप झाला आणि पुतळा गुडघ्यांत मोडला. तो पुन्हा उभारण्यास देववाणीने मनाई केल्याचे सांगतात. पडलेला पुतळाही लोक पाहायला येत. त्याच्या अंगठ्याला कवेत घेणे फार थोड्यांना जमते, असे रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. उभा होता जेमतेम ५४ वर्षे. पडून राहिला सुमारे ९०० वर्षे.

६/ इ.स. ६५३ मध्ये अरब सैन्याने ऱ्होड्स घेतले. बायझंटाइन इतिहासकार थिओफानीस सांगतो, की पुतळ्याचे कांसे एडेसाच्या एका व्यापाऱ्याला विकले गेले आणि ते वाहून न्यायला ९०० उंट लागले. उंटांच्या संख्येविषयी इतिहासकार साशंक आहेत. ही हकिकत खरी असेल, तर युद्धसामग्री मोडीत काढून उभारलेला पुतळा अखेर मोडीतच गेला.

७/ आता हॅलिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोडरम. कारियाचा राज्यकर्ता मॉसोलस इ.स.पू. ३५३ मध्ये वारला. त्याची समाधी सुमारे ४५ मीटर उंच होती आणि तिच्यावर ग्रीसच्या नामांकित शिल्पकारांनी काम केले होते. तिची कीर्ती एवढी, की भव्य समाधीला युरोपीय भाषांत ‘मॉसोलियम’ हेच नाव पडले. मध्ययुगातील भूकंपांनी ती खचली, पण दगड जागेवरच होते.

८/ पंधराव्या शतकाच्या प्रारंभी सेंट जॉन संघाचे धर्मयोद्धे तेथे आले. त्यांना किल्ला बांधायचा होता आणि घडीव दगडांची रास समोरच होती. १४९४ मध्ये आणि पुन्हा १५२२ मध्ये तुर्की हल्ल्याच्या भीतीने तटबंदी मजबूत करताना त्यांनी उरलेसुरले दगडही काढले. संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना केला. काही शिल्पपट मात्र तटातच बसवले, म्हणून ते वाचले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

९/ अलेक्झांड्रियाचे दीपगृह १०० मीटरहून उंच होते आणि दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. चौदाव्या शतकातील भूकंपांनी ते ढासळले. इब्न बतूता १३२६ मध्ये आला, तेव्हा त्याची एक बाजू पडलेली होती. १३४९ मध्ये तो परतला, तेव्हा दारापर्यंत पोहोचणेही अशक्य झाले होते. १४७७ मध्ये सुलतान कायतबे याने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला आणि दीपगृहाचे दगड त्या बांधकामात गेले.

१०/ इतरांची कथा थोडक्यात. आर्टेमिसचे मंदिर तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी लुटले. पुढे त्याचे दगड इतरत्र गेले आणि जागाच विस्मरणात गेली. ती १८६९ मध्ये गाळाखाली सापडली. फिडियासने घडवलेली झ्यूसची सुवर्ण-हस्तिदंती मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला नेली गेली व तेथील आगीत जळाली, असे मानतात. बागा असोत वा नसोत, बॅबिलोनच्या विटा शेजारच्या हिल्ला शहराच्या घरांत आहेत.

११/ या हकिकतींत एक समान सूत्र आहे. भूकंप, आग किंवा लूट यांनी वास्तू मोडली, पण ती नाहीशी झाली ती नंतर, कुणाला तरी दगड, चुना, विटा किंवा धातू हवा होता म्हणून. हे सारे लोक रानटी नव्हते. किल्ला बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती तयार खाण होती. जगाच्या यादीत नाव असणे वास्तूला वाचवू शकले नाही.

१२/ मग पिरॅमिड कसा वाचला? पवित्र मानला म्हणून? नाही. त्याचे गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीचे कवच मध्ययुगात कैरोच्या बांधकामांसाठी काढले गेले. मूळची सुमारे १४६ मीटर उंची आज सुमारे १३८ मीटर आहे. गिझातील अनेक लहान पिरॅमिड तर सलाहुद्दीनचा अधिकारी कराकूश याने कैरोचा बालेकिल्ला आणि तट बांधण्यासाठी पाडून टाकले.

१३/ ११९६ मध्ये सलाहुद्दीनचा मुलगा सुलतान अल-अझीझ याने तीन मुख्य पिरॅमिडांतील सर्वांत लहान, मेनकौरेचा पिरॅमिड पाडायला घेतला. बगदादचा वैद्य अब्द अल-लतीफ याने हे काम नोंदवून ठेवले आहे. दिवसभर खपून मजुरांना एक-दोन दगडच निघत. निघालेला दगड धाडकन वाळूत रुतून बसे आणि तो उपसून फोडण्यात आणखी श्रम जात. आठ महिन्यांनी काम सोडून दिले गेले.

१४/ अब्द अल-लतीफने एका मुकादमाला विचारले: हजार दिनार दिले, तर यातला एक दगड पूर्वीसारखा जागेवर बसवशील का? त्याहून कितीतरी अधिक दिले, तरी जमणार नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. त्या आठ महिन्यांची खूण, उत्तर बाजूवरची मोठी उभी खाच, आजही दिसते.

१५/ १८३० च्या दशकात ही वेळ पुन्हा आली. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याला नाईलवर बंधारा बांधायचा होता आणि त्यासाठी पिरॅमिडचे दगड वापरावेत असे त्याच्या मनात होते. फ्रेंच अभियंता लिनाँ द बेलफाँ याने खर्चाचा हिशेब मांडून दाखवला, की खाणीतून नवा दगड काढणे अधिक स्वस्त पडेल. सुमारे ४,४०० वर्षांची वास्तू एका अंदाजपत्रकामुळे वाचली.

१६/ तोट्याचा हिशेब दिसत असूनही वारसा वाचवायचा, असा निर्णय जगाने मोठ्या प्रमाणावर घेतला तो त्याच नाईलकाठी. आस्वानच्या उंच धरणात अबू सिंबेलची मंदिरे बुडणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने आवाहन केले. १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे हजाराहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथकही तेव्हा न्यूबियात उत्खननाला गेले होते.

१७/ या मोहिमेच्या अनुभवातून १९७२ चा जागतिक वारसा करार साकारला. मात्र त्याच धरणाखाली न्यूबियन लोकांची गावे बुडाली आणि इजिप्त व सुदानमधील हजारो कुटुंबे उठवली गेली. रामसेसची मंदिरे दगडागणिक क्रमांक घालून वर नेली. त्या गावांतील घरे जागीच राहिली. काय वाचवायचे हे ठरवताना काय बुडू द्यायचे, हेही ठरत असते.

१८/ म्हणून आश्चर्यांच्या यादीपाशी थांबू नये. एखाद्या पडक्या वास्तूपाशी गेलात, की शेजारच्या गावातील घरांची जोती, विहिरीचे काठ आणि देवळाच्या पायऱ्या निरखून पाहा. एखादा कोरीव दगड उलटा बसवलेला दिसेल. वास्तू कुठे गेली, याचे उत्तर बहुधा तिथेच असते. असा दगड तुमच्या पाहण्यात असेल, तर छायाचित्रासह खाली जरूर सांगा. (समाप्त)