जबलपूरचे वैद्यक आणि मंडल्याची माणसे

साथीच्या रोगांशी झालेल्या झगड्याची हकीकत सांगताना आपण लसीचे, औषधाचे आणि डॉक्टरांचे नाव घेतो. ज्यांच्या अंगावर रोग आला त्यांची मात्र केवळ संख्या सांगतो. त्या माणसांनी काय पाहिले, काय ओळखले, कशाला नकार दिला आणि का दिला, हे सरकारी दप्तरात क्वचितच उतरते. अशा नकाराची किंमत मराठी माणसाला तरी निराळी सांगावयास नको. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबाची कमिटी बसली, गोऱ्या शिपायांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, आणि लोक आपले रोगी दडवू लागले. रोगी दडला की रोगाचा मागही सुटतो. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले ते आपण राजकारणाचा इतिहास म्हणून वाचतो. पण तो वैद्यकाचाही इतिहास आहे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने वारल्या. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी दवाखाना घातला होता. तेथे रोग्याला शिपाई आणीत नसत. सावित्रीबाई स्वतः जाऊन आणीत. पुढे सरकारनेही सक्ती सैल केली, ती दयेपोटी नव्हे, तर सक्तीने प्लेग आटोक्यात येत नाही हे उमगल्यामुळे.

हा धडा पुढच्या शतकात कितपत गिरवला गेला हे पाहावयाचे असेल, तर जबलपूरकडे वळावे. नर्मदाकाठचा हा मुलूख आपल्याला अगदी परका नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानीही नागपूरच होती. शहराच्या आग्नेयेस मंडल्याचे डोंगर आणि साल वृक्षांचे अरण्य लागते. गोंड आणि बैगा यांची ही भूमी. १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी जबलपुरात एक केंद्र स्थापन केले. पुढे त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला.

या केंद्रापुढे पहिला मोठा प्रश्न हिवतापाचा होता. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा दरवर्षी साडेसात कोटी माणसे या तापाने आजारी पडतात आणि सुमारे आठ लाख दगावतात असा अंदाज होता. डीडीटीच्या फवाऱ्याने १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखावर आली. मग ताप परतला, आणि १९७६ साली चौसष्ट लाख रोग्यांची नोंद झाली. डासांना डीडीटीची सवय झाली, पुरवठा तुटला, ही कारणे पुस्तकांत आहेतच. पण आणखी एक साधे कारण गृहिणींच्या हातात होते. डीडीटीचा सारा भरवसा भिंतीवर: डासाने भिंतीवर टेकावे आणि मरावे. मातीची भिंत मात्र सणासुदीला सारवली जाते. फवारणी करणारा सकाळी येऊन गेला आणि आठवड्याने भिंतीवर नवा हात फिरला, की विष मातीखाली गाडले गेले. यात अडाणीपणा कोणता? घर स्वच्छ ठेवणे हेच तर तिला सर्वांनी शिकविले होते. फवारणी सणापूर्वी करावी की सणानंतर, एवढे तिला विचारले असते तर पुष्कळ पिंपे वाया गेली नसती.

मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या खेड्याची कथा याहून बोलकी आहे. तेथील मुलांचे गुडघे आत वळत, पाय वाकडे होत. जबलपूरच्या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा कारण पाण्यात सापडले. लिटरमागे दीड मिलिग्रॅम फ्लोराइड ही आपल्याकडची कमाल मर्यादा. येथील हातपंपांच्या पाण्यात ते त्याच्या कितीतरी पट होते. हे हातपंप कोणी दुष्टाव्याने बसविले नव्हते. उघड्या विहिरींच्या पाण्याने हगवण लागते, म्हणून खोल बोअर मारून शुद्ध पाणी देण्याची ती कल्याणकारी योजना होती. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ होते, आणि हाडे वाकत होती! उपाय म्हणून पंपांऐवजी निर्धोक पाणी आले, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व आले. शिवाय आहारात चकोड्याची भाजी आली. चकोडा म्हणजे आपला टाकळा, पहिल्या पावसात बांधावर आपोआप उगवणारा. त्यात कॅल्शियम भरपूर असते. गोंडांच्या ताटातली ही भाजी संशोधकांनी औषध म्हणून मान्य केली. लहान वयाच्या मुलांच्या पायांत सुधारणा दिसली. मोठ्यांची वाकलेली हाडे मात्र सरळ होणे नव्हते.

२०१७ पासून त्याच मंडल्यात हिवताप निर्मूलनाचा एक प्रयोग झाला. मध्यप्रदेश सरकार, परिषदेची जबलपूरची संस्था आणि एका औषध कंपनीचा न्यास असे तिघे एकत्र आले. बाराशेंहून अधिक खेडी. त्यांसाठी दोनशेंहून अधिक ग्रामकार्यकर्ते नेमले. ते घरोघर फिरून तापाची चौकशी करीत, बोटाच्या रक्ताची तेथल्या तेथे परीक्षा करीत, औषध देत आणि पुन्हा येऊन पाहात. सारे मर्म या पुन्हा येण्यात आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाची गोळी चौदा दिवस घ्यावी लागते, पण ताप दोन-तीन दिवसांतच उतरतो. बरे वाटू लागलेल्या शेतकऱ्याने उरलेले दिवस गोळी का घ्यावी? परगावच्या अधिकाऱ्याला तो मान डोलावील आणि गोळी कोनाड्यात ठेवील. आपल्याच बोलीत बोलणारा, ज्याची आई आपल्या आईला ओळखते असा तरुण दारात उभा राहिला, तर ती टाळणे इतके सोपे नसते. तीन वर्षांत मंडल्यातील रोग्यांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली.

तथापि या दोन कामांत एक भेद आहे, आणि तो मला लहान वाटत नाही. तिलईपानीचा प्रश्न गावाच्या डोळ्यांसमोर होता; मुलांचे पाय आईबापांना कोणी दाखवावयास नको होते. हिवतापाच्या मोहिमेत मात्र रोग कोणता निवडावा, पैसा कशावर खर्चावा, यश कशाने मोजावे हे सारे गावाबाहेर ठरले. गावाने हात दिले आणि बोटाचे रक्त दिले. यालाही लोकसहभाग म्हणतात. म्हणावयास हरकत नाही, पण शब्द एकच असला तरी वस्तू दोन आहेत. एखाद्या बैगा स्त्रीला विचारले असते, तर तिने हिवतापाआधी पाण्याचे, दवाखान्याच्या वाटेचे अथवा बाळंतपणाचे नाव घेतले असते काय, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

शिवाय मंडला हे काही बेट नव्हे. शेजारी दिंडोरी आहे, बालाघाट आहे, पलीकडे छत्तीसगड आहे, आणि डासांना जिल्ह्याची शीव ठाऊक नाही. पिके निघाली की येथील माणसे दूरच्या शहरांत मजुरीला जातात आणि होळीला परततात. त्यांच्याबरोबर कधी कधी ताप येतो. म्हणून रोगी घटल्यावरही कार्यकर्त्याचे फिरणे थांबविता येत नाही. गावात कोण परतले हे त्याला शेजारपाजारच्या बोलण्यातूनच कळते; मग तो सुई आणि काच घेऊन त्या अंगणात जातो.