सुईच्या टोकावरचा रंग

प्लॅस्टिकचं विमान किंवा रणगाडा जोडून रंगवणारा माणूस पहिला एअरब्रश घ्यायला निघाला, की त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. सिंगल अ‍ॅक्शन की डबल? रंगाचा कप वर हवा की बाटली खाली? नोझल ०.२ मिलिमीटरचं की ०.३चं? गंमत अशी, की यातल्या मोठ्या प्रश्नांचा निकाल अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वीच लागून गेला आहे. तो लावणाऱ्या मंडळींच्या मनात विमानाची मॉडेल्स असणं शक्यच नव्हतं, कारण तोवर खरं विमानच उडालेलं नव्हतं. त्यांचं गिऱ्हाईक होतं फोटो स्टुडिओ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गावोगावी फोटोग्राफर झाले आणि घरातल्या माणसांचे छोटे फोटो मोठे करून भिंतीवर लावायची हौस वाढली. मात्र तेव्हाच्या तंत्रात मोठी केलेली प्रत फिकी निघायची. मग खडू, कोळसा किंवा जलरंग घेऊन एखादा कारागीर त्यावर बसायचा आणि नाक, डोळे, दाढी, कोटाच्या चुण्या पुन्हा उठावदार करायचा. यात सगळ्यात अवघड काम गालावरच्या छटेचं. ती उजेडाकडून सावलीकडे इतकी हळुवार सरकायला हवी, की कुठेही ब्रशचा फटकारा दिसता कामा नये. हवेनं रंग उडवायची कल्पना या कामात रुजली.

रंग फवारण्याच्या उपकरणाचं पेटंट फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांनी १८७६ साली घेतलं. हे तेच स्टॅन्ली, ज्यांनी पुढे जुळ्या भावाबरोबर फोटोच्या कोरड्या काचा बनवल्या आणि नंतर वाफेवर चालणारी मोटारगाडी काढून नाव कमावलं. एअरब्रश त्यांच्या चरित्रात तळटीपेपुरता उरला. खरी खटपट केली ती आयोवा राज्यातल्या अ‍ॅबनर पीलर यांनी. १८७९च्या त्यांच्या उपकरणात जवाहिऱ्याच्या टेबलावर सापडाव्यात अशा वस्तूंची भरती होती. ते दिसायला ओबडधोबड होतं, पण त्यातली युक्ती अस्सल होती. हातपंपाच्या हवेनं एक छोटं चक्र गरगर फिरायचं, ते चक्र एका सुईला भराभर पुढेमागे हलवायचं. सुई रंगात बुडून बाहेर यायची आणि तिच्या टोकावरचा रंगाचा कण हवेचा झोत उडवून न्यायचा. म्हणजे कागदावर एका वेळी पोहोचायचा तो फक्त सुईच्या टोकावर मावेल एवढाच रंग. बारीक काम करणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

पीलर यांना ते विकता मात्र आलं नाही. हक्क घेतले लिबर्टी वॉकअप यांनी. चार वर्षं डागडुजी करून त्यांनी इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावी कारखाना काढला आणि उपकरण चालवायला शिकवणारी शाळाही काढली. हे धोरण शहाणपणाचं होतं, कारण हत्यार नवं असलं की आधी हात तयार करावे लागतात. पुढे निसर्गचित्रकार म्हणून नाव मिळवलेले विल्सन अर्विन याच शाळेत एअरब्रश शिकले.

आज हातात येतो तो एअरब्रश मात्र थेट पीलर यांच्या वंशातला नाही. त्याचा मूळपुरुष १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थेयर अँड चँडलर या कंपनीनं मांडला. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेली सर्वधर्म परिषद विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याच गर्दीत चार्ल्स बर्डिक यांचं हे पेनासारखं दिसणारं उपकरण होतं. त्यात चक्र नाही, हलणारी सुई नाही. निमुळती सुई नोझलच्या भोकात बुचासारखी बसलेली असते. ती जरा मागे ओढली की भोकाभोवती बारीकशी फट पडते, फटीतून रंग येतो आणि नोझलच्या तोंडाशीच हवा त्याचा धूर करून पुढे नेते. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग सुटतो. एका बोटात दोन नळ आले, आणि त्यालाच पुढे डबल अ‍ॅक्शन म्हणू लागले. रेषा काढता काढता जाड करायची की बारीक, हे बोटानं ठरवायची सोय यात झाली. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये रंगाचं प्रमाण आधीच स्क्रूनं ठरवून ठेवावं लागतं. सपाट पत्रा रंगवायला ते चालतं, पण गालावरची छटा काढताना हात दर वेळी थांबवायला कोणाला परवडणार?

बर्डिक नंतर इंग्लंडला गेले आणि तिथे त्यांची एरोग्राफ कंपनी उभी राहिली. शिकागोत नॉर्वेहून आलेले ओलाउस वोल्ड आणि येन्स पाशे हे दोघे कारागीर या धंद्यात उतरले. पाशे यांची कंपनी १९०४ची. पीलर यांची हलती सुईही पूर्ण मेली नाही. पाशे कंपनीनं ती टर्बाइनवर चालणाऱ्या एका मॉडेलमध्ये जिवंत ठेवली. केसासारखी रेष काढण्यात त्या एअरब्रशचा दबदबा होता आणि तो लावून घेण्यात मालकाची दमछाक व्हायची.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात एअरब्रश मिरवला तो जाहिरातींत, मासिकांत आणि रिटचिंगच्या टेबलांवर. मॅन रे यांनी १९१७च्या सुमाराला त्यानं चित्रं केली. अल्बेर्तो व्हार्गास यांच्या मासिकांतल्या ललना त्याच्याच जोरावर गुळगुळीत झाल्या. मराठी वाचकालाही ही छटा परकी नाही. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरांवरचे देव आठवावेत. चेहऱ्यावरची ती विरघळणारी सावली स्प्रेची करामत.

मॉडेल्सच्या जगात या काळात असलं काही लागतच नव्हतं. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलानं शाळकरी मुलांकडून शत्रूमित्रांच्या विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या, प्रमाण १:७२. वैमानिकांना आणि तोफखान्याला आकृतीवरून विमान ओळखता यावं, एवढाच हेतू होता. त्यामुळे सगळी विमानं काळी. १९५३ साली ब्रिटनच्या एअरफिक्सनं प्लॅस्टिकचं स्पिटफायर बाजारात आणलं, तेही मुलांसाठी. हम्ब्रोलची एनॅमलची इवली डबी आणि एक ब्रश, की दुपार साजरी.

ही मुलं मोठी झाली, त्यांच्या हातात पैसा आला, आणि चिकित्सा सुरू झाली. १९६३ साली ब्रिटनमध्ये प्लॅस्टिक मॉडेल करणाऱ्यांची संस्था निघाली. पुढच्याच वर्षी इलिनॉयमध्ये बॅजर ही एअरब्रशची कंपनी सुरू झाली, आणि छंदवाल्यांचं गिऱ्हाईक तिनं चांगलं ओळखलं. या सुमारास मॉडेलवाल्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या महायुद्धातली कित्येक खरी वाहनं आणि विमानं मुळात फवाऱ्यानंच रंगवलेली होती. जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३पासून गडद पिवळा झाला. वर मारायला तांबूस तपकिरी आणि हिरव्या रंगाची पेस्ट पलटणींना मिळे. ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून सैनिक स्वतःच पट्टे मारत. जर्मन लढाऊ विमानांच्या कुशीवर करडे ठिपके असत, तर इटलीच्या माकी विमानांवर वाळूच्या रंगावर हिरवी वेटोळी. यांपैकी कशाचीच कड कापल्यासारखी नाही, ती धूसर आहे.

आता हिशेब मांडून पाहावा. खऱ्या विमानावर फवाऱ्याची धूसर कड २५ मिलिमीटर रुंद असेल, तर १:४८च्या मॉडेलवर ती अर्धा मिलिमीटर भरते आणि १:७२च्या मॉडेलवर जेमतेम ०.३५. ब्रशनं हे साधत नाही आणि साध्या स्प्रे कॅननं तर अजिबात नाही. फोटोवाल्यांच्या हत्याराकडे मॉडेलवाले वळले ते या अपूर्णांकापायी.

तोवर चांगल्या एअरब्रशची मक्तेदारी अमेरिकेकडे राहिली नव्हती. जपानची इवाता १९२६ची, जर्मनीची हार्डर अँड स्टीनबेक १९२३ची. बारीक कामात आज याच दोन घराण्यांचा बोलबाला आहे. इवाताच्या कस्टम मायक्रॉनचं नोझल ०.१८ मिलिमीटरपर्यंत उतरतं, जर्मन कंपनीचं ०.१५पर्यंत. इथेच नवखा फसतो. आकडा जितका लहान तितकी रेष बारीक, असा त्याचा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात ०.१८च्या भोकातून चंदेरी रंग घातला तर त्यातले धातूचे कण तिथेच ठाण मांडतात. पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर सुकून गाठ करतात. अशा नोझलला पातळ केलेला, गाळलेला रंग आणि कमी दाब लागतो, शिवाय दर दोन मिनिटांनी टोक पुसायची सवय. काही जपानी एअरब्रशांतलं स्क्रूचं नोझल इतकं नाजूक असतं, की पाना जरा जास्त फिरला तर आटे तुटतात आणि नव्या भागाचे पैसे मोजावे लागतात.

कपाचा प्रश्नही याच हिशेबात सुटतो. खालची बाटली रंग वर ओढून घ्यायला हवेचा जोर मागते, आणि दाब वाढला की रंग पृष्ठावर पसरून त्याचे कोळ्यासारखे पाय फुटतात. वरच्या कपातून रंग आपल्या वजनानं उतरतो, म्हणून १०-१५ पीएसआयवर काम भागतं. विमानाच्या कुशीवर ठिपके काढायला थेंबभर रंग पुरतो, तिथे मोठी बाटली हवी कशाला? कोकणात आणि मुंबईत आणखी एक खर्च धरावा लागतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमध्ये दाबलेल्या दमट हवेचं पाणी होतं आणि ऐन रेघेत ते थेंब बनून बाहेर पडतं. पाणी अडवणारा ट्रॅप नसेल तर महागडा एअरब्रशही तिथे हतबल.

म्हणून पहिल्या खरेदीला डबल अ‍ॅक्शन, वर कप आणि ०.३चं नोझल ही निवड बरी. मूळ थर, वॉर्निश आणि १:३५चे बहुतेक पट्टे त्यात निघतात. १:७२च्या ठिपक्यांसाठी ०.२चा दुसरा एअरब्रश घ्यावा, पण तो रंग पातळ करायचं गणित हाताला बसल्यावर. आणि दोन्हीबरोबर एक जादा सुई घेऊन ठेवावी, कारण पहिली पडून वाकतेच.