उटणं: घट्ट की पातळ?

गेल्या नरकचतुर्दशीला आईला उटणं लावायला बसले. पाकिटातली पूड, त्यात दूध. तेलाला फाटा दिला, न्हाणीघरात ती घसरेल म्हणून. पहिल्यांदा इतकं पातळ झालं की कोपरावरून ओघळून गेलं. मग पूड वाढवली, तर तिच्या ऐंशीतल्या कातडीवर लाल ओरखडे उठले. ती बोलली काहीच नाही, हात तेवढा मागे घेतला.

दुपारी सुश्रुतसंहिता उघडली. (उपाय शोधायला कमी, अपराधी वाटत होतं म्हणून जास्त!) 'उटणे' हा शब्द 'उद्वर्तन'वरून आला हे ठाऊक होतं. पण चिकित्सास्थानाच्या 24व्या अध्यायात त्याच्या जोडीला उत्सादन आणि उद्घर्षण हेही भेटले. 12व्या शतकातला टीकाकार डल्हण फरक सांगतो: कोरड्या चूर्णाने घासणं ते उद्घर्षण, स्नेह घातलेल्या कल्काने ते उत्सादन. त्याच शतकात, 1130च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यातल्या राजाच्या स्नानातही आधी तेल, मग उटणं.

म्हणजे मी आईला चक्क घासत होते! दूध कमी-जास्त करून काय होणार? आजी हे काही न वाचता करायची. वाटीत आधी तिळाचं तेल, मग पूड, शेवटी दूध. बोट उलटं धरलं तरी ओघळायचं नाही..

पाडव्याला पाटाऐवजी खुर्ची ठेवली आणि तसंच कालवलं. आईने या वेळी पाठही पुढे केली.