हिवाळा मोजणारे कंद

पावसाळा संपला की शाळेच्या बागेत कामाची गडबड उडते. माजलेले तण काढायचे, शेवंतीला खत घालायचे, सुकलेला झेंडू उपटायचा आणि थंडीच्या फुलांसाठी वाफे तयार करायचे. आपल्याकडची थंडी सौम्य असल्याने ती बागेला मानवते. उत्तर युरोपात मात्र हिवाळा म्हणजे बागेची परीक्षाच असते. तिथला माळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात डेलियाचे कंद जमिनीतून उकरून घरात आणतो, कारण गोठलेल्या जमिनीत ते कुजून जातात. आणि जवळजवळ त्याच दिवसांत तो ट्यूलिपचे कंद मात्र जमिनीत पुरतो. एक कंद थंडीपासून वाचवायचा आणि दुसरा थंडीच्या हवाली करायचा, असे का?

या प्रश्नाचा पहिला धागा भूगोलात सापडतो. डेलिया मूळची मेक्सिकोची. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती स्पेनमार्गे युरोपात आली. ट्यूलिपचे रानटी भाऊबंद मध्य आशियातील तिएनशान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर वाढतात. तिथे कडक हिवाळा, जेमतेम काही आठवड्यांचा वसंत आणि मग कोरडा, तापलेला उन्हाळा असतो. फुलणे, बी धरणे आणि पुढच्या वर्षाचे अन्न साठवणे एवढे सगळे त्या थोड्या आठवड्यांत उरकावे लागते. त्यामुळे हिवाळा कधी संपला हे अचूक ओळखणे हा या वनस्पतीच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

लायडेनची बाग

तुर्कस्तानातल्या ऑटोमन बागांतून ट्यूलिप सोळाव्या शतकात पश्चिम युरोपात पोचला. त्याचा सर्वात नामवंत अभ्यासक म्हणजे कॅरोलस क्लुसियस. व्हिएन्नाच्या बादशाही बागेत काम केलेला हा वनस्पतिज्ञ १५९३ साली हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात आला, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती. सोबत त्याने कंदांचा संग्रह आणला होता. औषधविक्रेता डिर्क क्लाउट याच्या मदतीने विद्यापीठाची बाग उभी राहिली आणि १५९४ च्या वसंतात तिथे ट्यूलिप फुलले. कंद केव्हा लावावा आणि केव्हा काढावा हे ज्ञान तेव्हाही माळ्यांपाशी होते. मात्र ते अनुभवाचे होते, त्यामागचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

जमिनीखालचा बाजार

कंदाच्या या वेळापत्रकाने एकदा बाजारालाही वेढले. ट्यूलिपचा कंद साधारण जूनमध्ये काढतात आणि शरदात पुन्हा लावतात. त्याचा हातोहात व्यवहार व्हायचा तर तो या मधल्या काळातच होऊ शकतो. १६३६-३७ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये कंदांचे भाव चढले, तेव्हा कंद जमिनीत होते. विकले जात होते ते पुढच्या उन्हाळ्यात कंद देण्याचे करार. माल कोणीच पाहू शकत नव्हते. त्यातून सर्वाधिक मागणी होती ती पाकळ्यांवर ज्वालेसारख्या रेघा असलेल्या फुलांना, आणि साधे फूल असे रंगीत कधी होईल याचा काहीच नेम नसे. फेब्रुवारी १६३७ मध्ये भाव कोसळले. त्यात अख्खा देश भिकेला लागला ही कथा अतिरंजित असल्याचे इतिहासकार अ‍ॅन गोल्डगार यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. आणि त्या रेघांचे कारण? १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इनस संस्थेतील डोरोथी केली यांनी रेघांच्या कंदाचा तुकडा साध्या कंदावर कलम करून दाखवले की हा बदल संसर्गाने पसरतो. तो विषाणूचा रोग होता.

कंद उभा चिरला तर

थंडीचे कोडे उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. हॉलंडमधील वाखेनिंगेन येथे अँटन ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतर हायसिंथ व ट्यूलिपचे कंद वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. ठरावीक दिवसांनी ते चिरून आत काय घडते आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निष्कर्ष अनपेक्षित होता. ट्यूलिपचा कंद शरदात जमिनीत जातो, तेव्हा त्याच्या पोटात पाने, पाकळ्या, पुंकेसर यांसह सूक्ष्म फूल तयारच असते! ते उन्हाळ्यात, कंद कोठारात पडून असताना, १७ ते २० अंश सेल्सियसच्या उबेत घडते.

मग थंडी कशासाठी लागते? तर देठ लांबण्यासाठी. सुमारे १२ ते १६ आठवडे ५ ते ९ अंशांची थंडी मिळाली की साठ्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, संप्रेरकांचा तोल बदलतो आणि वसंतात देठ झपाट्याने वर येतो. थंडी मिळाली नाही, तर फूल पानांच्या बेचक्यातच खुरटते. म्हणजे शरदातला माळी फूल लावत नाही. तयार फुलाला बाहेर पडण्याची परवानगी मिळवून देतो.

गहू, थंडी आणि सत्ता

काही वनस्पतींत थंडीचे काम याहून मूलभूत असते. त्यांच्यात थंडीशिवाय फूल घडतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव गासनर याने १९१८ मध्ये दाखवले, की शरदात पेरायच्या राय या धान्याच्या अंकुरत्या बियांना थंडी दिली, तर ते वसंतात पेरूनही त्याच वर्षी ओंब्या धरते. सोव्हिएत रशियात त्रोफिम लिसेन्को याने १९२९ च्या सुमारास हीच रीत गव्हासाठी गाजवली. तिचे रशियन नाव यारोवायझेशन, इतरत्र रूढ झालेले नाव व्हर्नलायझेशन, म्हणजेच मराठीत वासंतीकरण.

इथवर विज्ञान ठीक होते. लिसेन्कोने त्यापुढे दावा केला, की असा संस्कार करून गव्हाचा स्वभाव कायमचा बदलतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. या दाव्याला प्रयोगाचा आधार नव्हता, सत्तेचा होता. जगभरातून पिकांची वाणे गोळा करणाऱ्या निकोलाय वाविलोव्ह यांनी सुरुवातीला लिसेन्कोच्या कामाचे स्वागत केले होते. पुढे त्यांनी आनुवंशशास्त्राची बाजू सोडली नाही. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात आनुवंशशास्त्राचे अध्यापन व संशोधनच बंद पाडले गेले.

थंडीची आठवण

लिसेन्कोच्या दाव्यातील चूक नेमकी कोठे होती, हे आज जनुकाच्या पातळीवर सांगता येते. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातील एक चिमुकले झाड. १९९९ मध्ये अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील दोन गटांनी त्यातील एफएलसी हे जनुक ओळखले. ते जागे असेपर्यंत फुलणे रोखलेले असते. थंडीत एकेका पेशीतील हे जनुक मिटत जाते. जितके आठवडे थंडी, तितक्या अधिक पेशींत ते मिटलेले. हवा उबदार झाल्यावरही ते मिटलेलेच राहते; म्हणून झाडाला थंडी ‘आठवते’. या आठवणीचा सखोल अभ्यास कॅरोलिन डीन यांनी केला, तोही नॉरिच येथील जॉन इनस केंद्रात, म्हणजे डोरोथी केली यांच्याच संस्थेच्या वारसदार संस्थेत.

आता महत्त्वाची गोष्ट. बी तयार होताना हे जनुक पुन्हा जागे होते. आईने सोसलेला हिवाळा लेकराच्या हिशेबात धरला जात नाही, त्याला स्वतःचा हिवाळा नव्याने मोजावा लागतो. झाडाच्या दृष्टीने हेच शहाणपणाचे आहे. नाहीतर शरदात रुजलेले रोप ऐन बर्फातच फुलायला निघाले असते!

आपल्या अंगणात

श्रीनगरला दल सरोवराकाठी झबरवानच्या पायथ्याशी असलेल्या ट्यूलिप बागेत दर शरदात कंद लावतात आणि मार्चअखेर ते फुलू लागतात. महाराष्ट्रात तेवढी थंडी नाही. पण थंडी मोजणारा एक कंद आपल्या रोजच्या ताटात आहे, तो म्हणजे कांदा. बियाण्यासाठी निवडलेले कांदे आपले शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्यांना फुलांचे दांडे यावेत म्हणून. खाण्याच्या कांद्याला हेच दांडे आले, की त्याच डेंगळ्यांना आपण नावे ठेवतो. एकाच्या शेतातले यश दुसऱ्याच्या शेतातले नुकसान ठरते!

हा प्रयोग वर्गात करता येईल. एकाच पोत्यातले, एकसारख्या आकाराचे वीस कांदे घ्या. दहा कांदे कागदी पिशवीत घालून आठ आठवडे शीतकपाटात ठेवा, दहा खोलीत ठेवा. मग सगळे एकाच दिवशी, एकाच वाफ्यात लावा. डेंगळे कोणत्या गटात आधी येतात, किती येतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. खोलीतले दहा कांदे कशासाठी, असे कोणी विचारले, तर त्या प्रश्नावर तासभर खर्च करायला हरकत नाही. तुलनेसाठी राखलेला हा गट टाळला आणि आकडे मनासारखे वाचले, तर काय होते, याचे उदाहरण आपण वर पाहिलेच आहे.