बर्गे काढलेला बंधारा

बुधवार, २१ जुलै २०२१. सकाळी ११. कोतोलीत आमच्या घरी द्वादशीचा स्वयंपाक चाललाय. आदल्या दिवशी आषाढी झाली. शाळा बंद, म्हणून आक्काचा तेरा वर्षांचा मुलगा महिनाभर आजोळी आहे. आज त्याला कळ्याला पोचवतो, असं मी कबूल केलंय. पहाटेपासून पावसानं धार सोडलेली नाही.

दुपारी १. आक्काचा फोन. "आज नको येऊस. कुंभीला पाणी वाढलंय. राहू दे पोरगं अजून चार दिवस." बरं म्हणून फोन ठेवला आणि भाच्याला म्हणालो, "आवर, जेवून निघायचंय." का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ठरवलेलं मोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी ४. कळ्याला जायला दोन वाटा. एक वाघबीळ, केर्ली करत कोल्हापुरात उतरून पुन्हा गगनबावडा रस्त्यानं. लांबची, पण पुलावरची. दुसरी पुनाळ-तिरपण बंधाऱ्यावरून, कासारी ओलांडून. उन्हाळ्यात त्या बंधाऱ्यावरून मी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. गाडी बंधाऱ्याकडे वळवली.

सायंकाळी ५.१५. बंधाऱ्यावर पाणी होतं. घोट्याच्या थोडं वर.

कोल्हापुरी बंधारा ज्यानं पावसाळ्यात पाहिला नाही, त्याला हे कळायला अवघड जाईल. नदीत ओळीनं दगडी खांब, मधे गाळे. पावसाळा सरला की गाळ्यांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढायचे, म्हणजे पूर गाळ्यांतून निघून जातो. खांबांवर स्लॅब, त्यावरून ये-जा. कठडा नाही, कारण पूर आला की हा बंधारा पाण्याखाली जाणार हे धरूनच तो बांधलेला असतो. वरच्या अंगाला पाणी अगदी शांत दिसतं. खालच्या अंगाला ते कोसळत असतं, पण काठावरून नजर तिकडे जात नाही.

काठावर इरलं घेतलेले एक आजोबा उभे होते. "पाव्हणं, जाऊ नगा. लाकडं याय लागल्यात."

लाकडं वाहून येतात म्हणजे वर नदी काठ सोडून शिवारात शिरली. मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

५.२५. समोरून दुधाची जीप आली, पाणी उडवत सरळ अलीकडे लागली. ती आली म्हणून मी निघालो. चार चाकांचं ते वजन आणि माझी मोटारसायकल यांत काय फरक आहे, हा विचार मनाला शिवलाही नाही. भाच्याला म्हणालो, "घट्ट धर."

५.२८. मधल्या गाळ्यांवर पाणी पोटरीला लागलं. कडा दिसेना. उसाचा पाला आणि एक ओंडका खांबाला अडकला होता, त्यानं तिथं पाण्याला फुगवटा आला होता. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. पुढचं चाक शेवाळावर सरकलं. गाडी आडवी झाली आणि कडेवरून गेली. आम्ही दोघं स्लॅबवर पडलो, पाणी आम्हाला ढकलत होतं. मी भाच्याचं मनगट पकडलं. ते ओलं होतं. सुटलं.

एक क्षण माझ्या हातात काहीच नव्हतं.

५.३०. त्याचे पाय खाली लोंबत होते, छाती स्लॅबच्या कडेवर. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली, दुसऱ्या हातानं कशाला धरलं होतं ते आठवत नाही. आजोबांनी आरोळी ठोकली. जीपमधले दोघे बैलाचा कासरा कमरेला बांधून आले. आम्हाला अक्षरशः ओढत काठावर नेलं. आजोबांनी इरलं पोराच्या अंगावर टाकलं. मला ते एक शब्दही बोलले नाहीत.

रात्री ९. कोतोलीला परत. आक्काला फोन मीच केला. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "तो जेवला का?"

पाऊस थांबला नाही. २३ तारखेपर्यंत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, पुढे शिरोलीजवळ महामार्गही पाण्यात गेला. त्या दिवसांत माणसं नाइलाजानं पाण्यात उतरली: जनावरं सोडवायला, म्हाताऱ्यांना काढायला. मला तसं काहीच कारण नव्हतं.

भाचा आता मोठा झालाय. आजोळी येतो, पण कळ्याहून कोतोलीला यायला तो आधी कोल्हापुरात जातो, मग केर्ली, वाघबीळ करत येतो. उन्हाळ्यात बंधारा कोरडा असला तरी.