घोरणे, जबडा आणि दंतवैद्य

घोरणारा माणूस आपल्याकडे आजवर चेष्टेचाच विषय झाला आहे. लग्नघरी चार पाहुणे एका खोलीत निजले आणि त्यांतला एक घोरणारा निघाला, की सकाळी चहाबरोबर त्याची नक्कल ठरलेली! आवाज किती मोठा होता, हे सगळे सांगतात. पण तो आवाज मध्येच थांबत होता, काही क्षण श्वासच नव्हता, आणि मग एकदम धापेसरशी तो परत आला, हे फारसं कुणी सांगत नाही. दुखणं असतं ते त्या थांबण्यात.

हे होतं कसं ते पाहू. विहिरीवरच्या पंपाला पाणी ओढायच्या बाजूस मऊ रबरी नळी जोडली, तर ती चपटी होऊन बसते; तिथे कडक पाइपच लागतो. आपला घसा त्या मऊ नळीसारखा आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, खालचा जबडा आणि जीभ मागे घसरते, आणि छातीने हवा ओढली की वाट मिटते. मेंदू अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, पुन्हा डोळा लागतो. रात्रीतून असं शेकडो वेळाही घडू शकतं. मग दिवसा पेंग येते, रक्तदाब चढतो, आणि गाडी हाकणाऱ्याच्या तर जिवावर बेतते.

जबडा आणि श्वास यांचा हा संबंध ओळखणाऱ्यांत एक दंतवैद्य अगदी आरंभी होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पॅरिसचे पिएर रॉबँ यांनी 1902 साली खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या एका साधनाचे वर्णन केले. त्याचे नाव मोनोब्लॉक. पुढे 1923 साली त्यांनी लहान जबड्याच्या तान्ह्या मुलांकडे वैद्यांचे लक्ष वेधले. या मुलांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या विकाराला आजही त्यांचेच नाव आहे.

पण मोठ्या माणसांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र दुसऱ्याच वाटेने गेले. डिकन्सच्या 1836-37 मधल्या ‘पिकविक पेपर्स’ कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे; तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. 1956 साली सिडनी बर्वेल आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी असाच एक रोगी वर्णिला आणि त्या विकाराला पिकविकचेच नाव दिले. हा गृहस्थ पत्ते खेळताना हाती तीन एक्के आणि दोन राजे असूनही झोपी गेला होता! वैद्यांनी दोष दिला तो चरबीला आणि रक्तात साठणाऱ्या दूषित वायूला. रात्री त्याच्या उशाशी बसून काय होते ते पाहायचे राहूनच गेले.

ते काम 1965 साली फ्रान्समध्ये गास्तो यांनी आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी केले. मेंदूच्या लहरी आणि श्वास एकाच वेळी नोंदवल्यावर दिसले, की श्वास वारंवार बंद पडतो. पण उपाय काय? 1969 मध्ये कूलो यांनी मानेला भोक पाडून श्वासाची निराळी वाट केली. गुण आला खरा, पण जन्मभर मानेला भोक घेऊन कोण राहणार? 1981 साली सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मुखवट्यातून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवला. हा उपाय आजही पहिल्या मानाचा आहे. मात्र रोज रात्री मुखवटा बांधून झोपणे सगळ्यांना जमत नाही.

तेव्हा गाडी पुन्हा जबड्यापाशी आली. आणली कुणी? मानसशास्त्रज्ञ रोझालिंड कार्टराइट आणि मनोविकारतज्ज्ञ सॅमेलसन यांनी 1982 साली जीभ पुढे धरणारे साधन मांडले. जर्मनीत मज्जातज्ज्ञ मायर-एवर्ट यांनी 1984 च्या सुमारास जबडा पुढे धरणारे. पण दातांचा साचा घ्यायचा, हिरड्या भक्कम आहेत की नाहीत ते पाहायचे, जबडा किती पुढे आणायचा ते ठरवायचे, म्हणजे दंतवैद्यावाचून पाऊल पुढे पडेना. 1991 साली अमेरिकेत अशा दंतवैद्यांची स्वतंत्र संस्थाच निघाली.

इथे एक धोका आहे, बरं का. साधनाने घोरणे थांबते आणि घरचे खूश होतात. पण श्वास बंद पडणे चालूच असू शकते. म्हणजे राखणदार कुत्र्याचे तोंड बांधले आणि चोर घरातच! म्हणून 2015 साली अमेरिकेतील निद्रातज्ज्ञ आणि दंतवैद्य यांच्या संस्थांनी मिळून नियम घातले. निदान वैद्याने करावे, साधन दंतवैद्याने माणसागणिक मापाने बनवावे, आणि ते बसवल्यावर झोपेची तपासणी पुन्हा व्हावी. 2017 साली तिथल्या दंतवैद्यांच्या मुख्य संघटनेनेही, रोगी हेरावा पण निदानासाठी वैद्याकडे धाडावा, असेच धोरण ठरवले.

हे दुखणे परदेशातलेच आहे, असे समजू नये. मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली, तीत शेकडा साडेसात जणांना ते आढळले. आणि साधन मिळाले म्हणजे दंतवैद्याचे काम संपले असेही नाही. वर्षानुवर्षे रात्री जबडा पुढे धरल्याने वरचे पुढचे दात हळूहळू आत आणि खालचे बाहेर सरकतात, चावा बदलतो. ते पाहायला ठरलेल्या मुदतीने त्याच खुर्चीत पुन्हा बसावे लागते.